तलावाच्या रंगाचं छप्पर

त्सुया : मास्तर, अजून किती वेळ वाकून राहू?

हिगाकी : अहो, मघापासून सांगतोय, बसा. पायरीवर ऊन आलंय, तिथे बसा.

त्सुया : बसले तर चित्रातली म्हातारी कुठून आणाल? पर्सिमनच्या फळांच्या माळेखाली वाकलेली म्हातारी लागते ना तुम्हाला. अकरा वर्षं दर शरदात वाकतेय. आजच काय बसायचं.

हिगाकी : एक्क्याऐंशीच्या आहात. बसलात तरी म्हातारीच दिसाल.

त्सुया : टोकियोची माणसं गोड बोलतात म्हणे. ऐकलं होतं, आज प्रचीती आली.

हिगाकी : लोणचं फार छान झालंय यंदा. मुळा धुरावर दोन दिवस जास्त ठेवलात का?

त्सुया : तीन. आणि विषय बदलू नका. काय काय काढून झालं ते सांगा. वाकलं की मला माझ्या पायाची बोटंच दिसतात.

हिगाकी : मागचा डोंगर झाला. देवदाराची रांग झाली. शेतात भाताच्या पेंढ्या खांबाभोवती रचून वाळत ठेवल्या आहेत, ते पाचही खांब झाले. तुमची ओसरी, वाळणाऱ्या पर्सिमनची माळ...

त्सुया : आणि विजेचा खांब?

हिगाकी : तो मी काढत नाही. तुम्हाला माहीत आहे.

त्सुया : घराच्या बरोबर समोर आहे हो. तो टाळून तुम्हाला घर दिसतं तरी कसं?

हिगाकी : सवयीनं. पन्नास वर्षं खेडी काढतोय, खांब एकही काढला नाही. डावा डोळा जरासा मिटला की खांब निघून जातो.

त्सुया : आणि छप्पर?

हिगाकी : गवताचं. नेहमीसारखं.

त्सुया : मग दोन्ही डोळे मिटत असाल. मास्तर, ब्रश खाली ठेवा. मला बोलायचंय. आणि आता मी बसते, कारण हे वाकून बोलण्यासारखं नाही.

हिगाकी : काय झालं? तब्येत?

त्सुया : तब्येतीला काय धाड भरलीय. आमची मित्सुए रविवारी येतेय. मला सेंदाईला घेऊन जायला.

हिगाकी : अरे वा. लेकीकडे चार दिवस बदल होईल.

त्सुया : चार दिवसांसाठी कुणी घरातली भांडी वाटून टाकतं का? लोणच्यावर ठेवायचे दगडसुद्धा देऊन टाकले मी. सातवा मजला आहे तिचा. गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसताना पडले, तेव्हापासून ती धोशा लावून बसली होती. शेवटी म्हटलं, बरं बाई.

हिगाकी : मग पुढच्या वर्षी...

त्सुया : पुढच्या वर्षी इथे तो खांब तेवढा असेल. आणि तो तर तुम्ही काढत नाही.

हिगाकी : हे तुम्ही मला आल्याबरोबर सांगायला हवं होतं.

त्सुया : आल्याबरोबर तुम्ही लोणचं मागितलंत. तर ऐका. जाताना मला माझ्या घराचं एक चित्र हवंय.

हिगाकी : अहो, मग हेच घ्या. नाहीतर आधीची आहेत, त्यातलं निवडा. सगळी तुमच्याच घराची आहेत.

त्सुया : माझ्या कशी? त्यातलं घर गवताचं आहे. गवताखाली मी नऊ वर्षं काढली, लग्न होऊन आल्यापासून. पाऊस आला की घरभर पाच बादल्या. एकदा पहाटे गोम पडली, सरळ तोंडावर. तुम्ही कॅलेंडरावर ते गवत इतकं देखणं काढता की बघूनच मला अंगभर खाज सुटते.

हिगाकी : पण त्या छपराचा जो डौल आहे...

त्सुया : डौल गोमेचा. मग आमच्या ह्यांनी त्यावर पत्रा घातला. एकट्यानं, एका उन्हाळ्यात. आणि तो रंगवला. तो निळा. दिसतोय ना?

हिगाकी : दिसतो. दिसायला तो काही संकोच करत नाही.

त्सुया : शाळेचा पोहायचा तलाव रंगवून रंग उरला होता, तो ह्यांनी मागून आणला. मी म्हटलं, घराला कुणी तलावाचा रंग देतं का? तर म्हणाले, पावसाला वाटेल इथे पाणी आधीच आहे, तो पुढे जाईल. असं होतं बोलणं. पहिल्या वर्षी सैबेरियातून आलेली बदकं पाणी समजून छपरावर उतरली. एकेक करून घसरली आणि अंगणात पडली. सात बदकं. हे दारात उभे राहून प्रत्येकाची माफी मागत होते.

हिगाकी : हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

त्सुया : तुम्ही कधी निळ्याबद्दल विचारलं नव्हतं. तुम्ही विचारायचात की पूर्वी चूल कुठे होती.

हिगाकी : खरं आहे.

त्सुया : आणि दाराच्या डावीकडे भिंतीवर तो ओघळ आहे बघा, वरपासून खालपर्यंत. छप्पर रंगवताना ह्यांच्या हातून डबा कलंडला. माझ्या धुतलेल्या भिंतीवर. वीस दिवस बोलले नाही मी ह्यांच्याशी. जेवण वाढायचे आणि भिंतीकडे बोट दाखवायचे.

हिगाकी : तो ओघळ मला माहीत आहे. त्या जागी मी वेल काढतो. जांभळ्या फुलांचा.

त्सुया : आमच्याकडे कुठे आहे वेल?

हिगाकी : नाही. पण तिथे काहीतरी काढावंच लागतं, म्हणून.

त्सुया : मग यंदा ओघळ काढा. निळा पत्रा काढा, खांब काढा, आणि ह्यांचा छोटा पांढरा ट्रक काढा. तेवढं एक चित्र द्या मला. बाकी काही मागत नाही.

हिगाकी : त्सुयाबाई, राग मानू नका. मला ते येत नाही. पत्रा, तार, ट्रक हे माझ्या हातात नाही. लोक माझी चित्रं बघतात ते त्यांना आपलं हरवलेलं गाव दिसावं म्हणून. त्यात ट्रक आला की... थांबा. तुम्ही ऐकलंत?

त्सुया : काय?

हिगाकी : शेतातला तो तिसरा खांब शिंकला.

त्सुया : वारा असेल.

हिगाकी : वाऱ्याला गमबूट नसतात.

त्सुया : असतात कधीकधी.

हिगाकी : परत शिंकला. अहो, खांब! बरे आहात ना?

ओनोदेरा : बरा आहे. क्षमा असावी. पेंढा नाकात गेला. आपण काम चालू ठेवावं, मी इथे नाही असंच समजावं.

त्सुया : ये आता बाहेर, ओनोदेरा. वाडीचा प्रमुख म्हणे. साठ वर्षांचा घोडा झाला तरी लपता येत नाही.

ओनोदेरा : काकू, मी सकाळी नऊपासून उभा आहे. दोन्ही हात वर करून. आणि तुम्ही दोघं लोणचं खाताय.

हिगाकी : पण ओनोदेरासाहेब, तुम्ही पेंढ्यात कशासाठी?

ओनोदेरा : म्हणजे त्याचं असं आहे, मास्तरसाहेब, की वाडीच्या वतीने... काकू, सांगू का?

त्सुया : सांग. मी तशीही रविवारी चाललेय.

ओनोदेरा : आता भात कुणी हातानं कापत नाही. यंत्र कापतं, आणि पेंढा तिथल्या तिथे बारीक करून टाकतं. मशीनमध्ये वाळवतो आम्ही सगळं. पण आपण येणार म्हटल्यावर पाच खांब हवेत. दर वर्षीच्या चित्रात पाच आहेत, नगरपालिकेच्या कॅलेंडरात नोव्हेंबरच्या पानावर पाच आहेत. यंदा मागूनमागून पेंढा जमला तो चार खांबांपुरता. पाचवा उभा राहीना, म्हणून मग मी राहिलो.

हिगाकी : म्हणजे मी तुम्हाला काढलंय.

ओनोदेरा : कृपया ते तसंच ठेवावं. मला आवडेल.

हिगाकी : आणि ही पर्सिमनची माळ?

त्सुया : प्लॅस्टिकची. खरी लावली की अस्वल येतं. शंभर येनच्या दुकानातली आहेत. गेल्या वर्षी तरी अस्वल आलंच, एक चावून बघितलं आणि थुंकून गेलं. ते डावीकडून चौथं, त्यावर दात आहेत.

हिगाकी : आणि ती गवताची गंजी, जिला दोन्ही बाजूंना आरसे आहेत?

ओनोदेरा : काकूंच्या यजमानांचा, कानसाकूकाकांचा ट्रक. आरसे झाकले की गवत सरकतं, नाइलाज आहे.

त्सुया : आणि माझी कंबरही बघून घ्या एकदा. हे बघा, सरळ. रोज सकाळी रेडिओबरोबर व्यायाम करते मी, हात पायाच्या अंगठ्याला लागतात. वाकते ती तुमच्यापुरती.

ओनोदेरा : मास्तरसाहेब, मी वाडीतर्फे डोकं टेकून माफी मागतो. आपल्याला फसवायचा हेतू नव्हता. आपण पहिल्या वर्षी म्हणालात की जपानात असं गाव आता उरलं नाही, आणि आपल्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा त्सुयाकाकू शेतातून मिरचीची पोती उचलून वाकून येत होत्या. सगळ्यांना वाटलं की एवढा मोठा माणूस, पुढच्या वर्षी येऊन त्याची निराशा नको व्हायला. मग एकेक गोष्ट वाढत गेली.

हिगाकी : ओनोदेरासाहेब, उठा. गुडघे ओले होतील. मला माहीत होतं.

त्सुया : काय माहीत होतं?

हिगाकी : सगळं. गेली तीन वर्षं.

ओनोदेरा : अशक्य. आम्ही पूर्ण गुप्तता पाळली होती. फक्त फिरत्या पाटीवर लिहायचो.

हिगाकी : तीच. ती पाटी घरोघर फिरते ना, वाचायची, शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. कुठलंही दार वगळायचं नाही.

ओनोदेरा : वगळायचं नाहीच. नियम आहे तो.

हिगाकी : मी देवळात उतरतो. तीन वर्षांपूर्वी मी आलो त्याच दिवशी भिक्षू शेजारच्या गावी अंत्यविधीला गेले होते. दार वाजलं, मी उघडलं, एक बाई पाटी हातात देऊन गेल्या. त्यावर लिहिलं होतं. पहिलं, कचऱ्याचा दिवस बुधवारऐवजी गुरुवार. दुसरं, पुलाजवळ अस्वल दिसलं. तिसरं, चित्रकार येत आहेत, सर्वांनी गाड्या झाकाव्यात, नळाचे रबरी पाइप आत घ्यावेत, त्सुयाकाकूंनी कंबर वाकवून ठेवावी.

त्सुया : अरे देवा. मग तुम्ही काय केलंत?

हिगाकी : काय करणार? वाचलं, शिक्का मारला आणि शेजारच्या घरी नेऊन दिली. गुरुवारी कचराही बाहेर ठेवला.

ओनोदेरा : तो लाल चौकोनी शिक्का! आम्हाला वाटलं भिक्षूंनी नवीन करवून घेतला.

हिगाकी : चित्रावर मारतो तो होता. दुसरा नव्हता जवळ.

त्सुया : एक मिनिट. तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं. आणि मी तीन वर्षं फुकट वाकले?

हिगाकी : मी दर वेळी बसा म्हणत होतो.

त्सुया : बसा म्हणणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

हिगाकी : सांगितलं असतं तर सगळं थांबलं असतं. मग मी कुठल्या तोंडानं आलो असतो? आणि आता सांगतोच, कॅलेंडरासाठी गेली तीन वर्षं एकच चित्र जातंय. तारीख तेवढी बदलतो. नगरपालिकेत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ओनोदेरा : माझ्याही नाही. मी ते दिवाणखान्यात लावतो.

त्सुया : मग इथे चार-चार दिवस बसून करत काय होतात?

हिगाकी : लोणचं खात होतो. तुमच्याशी बोलत होतो. ब्रश ओला ठेवत होतो.

त्सुया : धन्य आहे. आम्ही तुमच्यासाठी नाटक करतोय आणि तुम्ही आमच्यासाठी. मास्तर, खरं सांगा, तुमचं स्वतःचं गाव कुठलं? तुम्हाला एवढं गवताचं वेड कशानं लागलं?

हिगाकी : हसणार नाही?

त्सुया : हसेन. सांगा.

हिगाकी : मला गाव नाही. मी टोकियोत एका गल्लीत वाढलो, घरासमोर लोखंडाचा कारखाना. आमच्याकडे न्हाणी नव्हती, संध्याकाळी वडिलांबरोबर कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचो. तिथे गरम पाण्याच्या हौदामागे भिंतभर चित्र होतं. फुजी, आणि त्याच्या पायथ्याशी गवताच्या छपराचं एक घर. दारात वाकलेली एक बाई. वडील माझी पाठ घासायचे आणि म्हणायचे, बघ, ती तुझी आजी, तुला हाक मारतेय. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसून तिला ओ द्यायचो.

त्सुया : म्हणजे तुमचं गाव न्हाणीघरात आहे.

हिगाकी : होतं. ते पाडून आता तिथे गाड्या लावतात.

ओनोदेरा : आणि आम्ही अकरा वर्षं वाडीची न्हाणीघरासारखी सजावट करतोय. याची नोंद कुठेही होऊ नये ही विनंती.

त्सुया : हसू आवर, ओनोदेरा. मास्तर, मी हसले, पण ती आजी खोटी असं मी म्हणत नाही. वडिलांचा हात पाठीवर होता तेव्हा दिसली, म्हणजे होती. तुम्ही ती शोधत फिरलात, बरं केलंत. पण मलाही सातव्या मजल्यावर एक भिंत मिळणार आहे. मित्सुए म्हणाली, आई, इथे तुला हवं ते लाव. मी काय लावू? गवताचं छप्पर लावलं तर त्यात आमच्या ह्यांनी केलेली एक गोष्ट नाही. पत्रा नाही, ट्रक नाही. खांबसुद्धा ह्यांनीच विनवण्या करून आणवला होता, वाडीत आमच्याकडे वीज सगळ्यांत शेवटी आली. तुम्ही डोळा मिटता तेव्हा खांब जातो म्हणता ना? खांब एकटा जात नाही हो. हेही जातात.



हिगाकी : कोरा कागद त्या पिशवीत आहे. द्या जरा.

ओनोदेरा : मास्तरसाहेब, पत्र्यासकट काढणार?

हिगाकी : काढून बघतो. फळी आहे का एखादी? सरळ रेघ मारायची मला पन्नास वर्षांत वेळ आली नाही.

ओनोदेरा : मी धरतो फळी. नऊपासून हात वर करून उभा आहे, सवय झालीय. आणि मास्तरसाहेब, आता नवं सगळं काढायचंच ठरलं असेल, तर माझं बर्फ उडवायचं यंत्र पण घेता आलं तर बघावं. लाल आहे. उजव्या कोपऱ्यात, छोटंसं.

त्सुया : तुझं यंत्र माझ्या सातव्या मजल्यावर कशाला?

ओनोदेरा : आठवण म्हणून.

त्सुया : तुझी आठवण खांब म्हणून आहे ना, पुरे तेवढी. जा, त्या ट्रकवरचं गवत काढ आधी.

हिगाकी : एक अडचण आहे. हा निळा माझ्याकडे नाही. माझ्या पेटीत माती आहे, शेवाळ आहे, धुकं आहे. नीळ आहे, पण ती या पत्र्यापुढे अगदीच सोज्वळ दिसेल. असा निर्लज्ज निळा मी कधी बाळगलाच नाही.

त्सुया : निर्लज्ज म्हणा हवं तर. कोठारात वरच्या फळीवर अर्धा डबा आहे. शाळा बंद पडली तेव्हा हे राहिलेले चार डबे घेऊन आले होते. सहा वर्षांपूर्वी, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, छपराला शेवटचा हात मारला, त्यातला उरलेला. झाकण हातोडीनं ठोकून बसवलंय.

हिगाकी : छपराचा रंग कागदावर लावू?

त्सुया : छपरावर चालला, कागदाला काय होतंय?

ओनोदेरा : आणला. वास भयंकर आहे. काकू, ट्रकही मोकळा केला. त्याच्या बॅटरीत अजून जीव आहे, हॉर्न वाजतो.

त्सुया : वाजवू नकोस. मास्तर, मी कुठे उभी राहू? माळेखाली?

हिगाकी : दारात. डावीकडे जरा.

त्सुया : वाकून?

हिगाकी : नको. रेडिओच्या व्यायामाला उभ्या राहता तशा.

त्सुया : ती प्लॅस्टिकची माळ राहू दे. दात उमटलेलं फळ पुढे करून काढा. मित्सुएच्या पोरांना दाखवीन.

हिगाकी : बोलू नका, हनुवटी हलते. ओनोदेरासाहेब, फळी खाली घ्या. तिरका खांब काढायचा नाही मला.

ओनोदेरा : खरा खांब तिरकाच आहे, मास्तरसाहेब. भूकंपानंतर.

हिगाकी : हो की. माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मग फळी राहू द्या. आता डबा इकडे. अरे, फार पातळ आहे हा... ओनोदेरासाहेब, कागद आडवा धरा. आडवा म्हणतोय, आडवा. गेलं.

ओनोदेरा : मी आडवाच धरला होता.

त्सुया : काय झालं? हलू का आता?

हिगाकी : या. बघा. छप्पर बरं जमलं होतं, पण रंग खाली ओघळला, भिंतीवरून सरळ जमिनीपर्यंत. दाराच्या डावीकडे. थांबा, ओला आहे तोवर फडक्यानं टिपून घेतो.

त्सुया : हात लावू नका. ह्यांचाही तिथेच सांडला होता.